दिवसा सोनं, रात्री खाणं
इंदूरचा सराफा आणि अहमदाबादचा माणेकचौक : प्रवासातली एक रात्र आपल्यासाठी

प्रवासाला निघायचं म्हटलं, की आपल्या बायकांची तयारी दशम्या, धपाटे, शंकरपाळे इथपासून सुरू होते आणि ‘गॅस नीट बंद केला ना?’ या प्रश्नापाशी संपते. मुक्कामी पोचल्यावर देवदर्शन होतं, पाहण्यासारखी ठिकाणं पाहून होतात. आणि रात्र पडली की? जेवणं आटोपतात, पुरुषमंडळी ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून बाहेर पडतात. आपण मात्र खोलीतल्या खुर्चीवर ओले टॉवेल वाळत घालतो, उद्याच्या बॅगा भरतो, मुलांना थोपटतो. तासा-दोन तासांनी मंडळी परत येतात, ती तिथल्या रबडीचं वर्णन करतच!

बहुतेक घरांत हे कुणी मुद्दाम ठरवलेलं नसतं. ते आपोआप होतं. कुणी ‘तू येऊ नकोस’ असं म्हणत नाही. आपणच म्हणतो, ‘तुम्ही या जाऊन, मला आवरायचंय.’ रात्रीच्या वेळी परक्या गावात कशाला, बाहेरचं खाऊन पोटं बिघडली तर, आणि पैसे किती जातील, या तीन शंका आपल्या मनात आधीपासूनच बसलेल्या असतात. तिन्ही शंका रास्त आहेत. पण तिन्हींना उत्तरं आहेत. ती उत्तरं हाताशी असली, तर प्रवासातली एक रात्र आपल्यालाही घेता येते, असं मला वाटतं. त्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या माणसांच्या नेहमीच्या वाटेवरची दोन शहरं घेऊ : इंदूर आणि अहमदाबाद.

उज्जैनच्या वाटेवर

महाकालेश्वर आणि ओंकारेश्वर अशी यात्रा करणारी मराठी कुटुंबं पुष्कळ. उज्जैन इंदूरहून सुमारे ५५ किलोमीटर, ओंकारेश्वर सुमारे ८० किलोमीटर. त्यामुळे इंदूरला एखादा मुक्काम पडतोच. हे होळकरांचं गाव. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली मराठी घरं आहेत. बाजारात दोन वाक्यं हिंदीत बोललात, तर तिसरं वाक्य समोरून मराठीत येण्याचा संभव आहे.

गावाच्या मध्यभागी होळकरांचा सात मजली राजवाडा आहे. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. १९८४ च्या दंगलीत तो जळाला होता. पुढे त्याची पुन्हा उभारणी झाली. या राजवाड्यापासून चालत काही मिनिटांवर सराफा बाजार आहे. दिवसा गेलात तर इतर कुठल्याही सराफकट्ट्यासारखाच दिसेल : काचेमागे पाटल्या-बांगड्या, पांढऱ्या गाद्या, तराजू. रात्री आठ-साडेआठच्या सुमाराला दुकानांची दारं ओढली जातात, कुलपं लागतात. आणि त्याच दुकानांच्या ओट्यांवर आणि पुढ्यातल्या रस्त्यावर कढया, तवे, पातेली मांडली जातात. नऊनंतर बाजाराला रंग चढतो, साडेदहा-अकराला अगदी भर येतो आणि मध्यरात्र उलटून गेल्यावरही तवे तापलेले असतात.

सोन्याच्या बाजारात हे खाणं आलं कुठून? जुनी माणसं सांगतात, की दुकानं बंद झाल्यावर गल्ली सुनसान पडू नये, रात्री माणसांचा राबता राहिला तर चोरीची भीती कमी, म्हणून सराफांनीच खाद्यपदार्थवाल्यांना आपल्या ओट्यांवर बसू दिलं. हे कारण बायकांना चटकन पटावं. जिथे दिवे आहेत, कढई उकळते आहे आणि लोक बायकामुलांसह उभे आहेत, तिथे सोनंही सुरक्षित आणि माणूसही. सराफ्यात रात्री अकरा वाजता सासू, सून आणि सुनेच्या कडेवर पेंगणारं मूल असं त्रिकूट दिसतं, तेव्हा त्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही.

सराफ्यात काय खावं?

पहिली समाधानाची गोष्ट म्हणजे हा बाजार शाकाहारी आहे. आणि तिथल्या पुष्कळ पदार्थांची आपल्या स्वयंपाकघराशी जवळची ओळख आहे. फक्त वळण वेगळं.

भुट्टे का कीस : कोवळी मक्याची कणसं किसून, तूप-हिंग-मिरचीच्या फोडणीवर परतून, दुधात शिजवलेला हा पदार्थ. वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबू. मऊ, किंचित गोडसर आणि पोटाला हलका. लहान मुलं आणि म्हातारी माणसं, दोघांनाही चालतो. सुरुवात याच्यापासून करावी.

साबूदाण्याची खिचडी : ‘खिचडी खायला इंदूरला कशाला?’ असं म्हणाल. पण आपण करतो तशी ही तुपात परतलेली नसते. भिजलेला साबूदाणा वाफेवर मोकळा शिजवतात आणि मागणीप्रमाणे त्यात मसाला, लिंबू, मिरची आणि उपवासाचा कुरकुरीत चिवडा घालून हातानं कालवून देतात. तेल-तूप बेताचंच. ज्यांना आपली खिचडी जड पडते, त्यांनी ही अवश्य खाऊन पाहावी आणि वाफवण्याची युक्ती घरी घेऊन यावी. एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी यात्रा असेल तर हा चांगला आधार. मात्र उपवास कडक असेल, तर मसाल्यात काय काय आहे ते आधी विचारा.

गराडू : हा फक्त थंडीच्या दिवसांत मिळतो. आपल्या कोनफळाच्या जातीचा हा कंद. फोडी करून तळतात, वरून झणझणीत मसाला भुरभुरतात आणि लिंबू पिळतात. खमंग, पण तळलेला. एक बशी चौघांत पुरे.

खोबऱ्याचं पॅटिस : बाहेरून बटाटा, आत ओल्या खोबऱ्याचं सारण. आपल्याकडच्या उपवासाच्या पॅटिसचा हा चुलतभाऊच.

दहीवडा : जोशींच्या दुकानातला दहीवडा खाण्याइतकाच पाहण्यासाठी प्रसिद्ध आहे. दह्यानं भरलेला द्रोण हवेत उंच उडवून पुन्हा हातात झेलण्याची ही करामत मुलं तोंडाचा आ करून बघतात.

गोड हवं असेल तर ‘जलेबा’ आहे. एकेक जिलेबी पाव किलोच्या घरात जाते, म्हणून पुल्लिंगी नाव! ती एकट्यानं संपवायची नसते. तुकडे मोडून घरभर वाटायची. मालपुवा, रबडी आणि माव्याची बाटी आहे. बाटी म्हणजे आत मावा भरलेला मोठा गुलाबजामच म्हणा ना. आणि ‘शिकंजी’ मागवाल तर लिंबाचं सरबत येईल असं समजू नका. इंदूरची शिकंजी आटवलेल्या दुधाची, केशर आणि सुक्या मेव्याची, चांगली दाट असते. ती प्यायल्यावर दुसरं काही खावंसं वाटत नाही, म्हणून शेवटीच घ्यावी.

अलीकडे इथेही नूडल्स, मोमो आणि धूर काढणारी विड्याची पानं यांची गर्दी झाली आहे. त्यामुळे जुने पदार्थ मागे पडतात, गर्दी आणि गॅसच्या टाक्या यांमुळे धोका वाढतो, अशी तक्रार तिथले सराफही करतात. मुलं नूडल्ससाठी हट्ट धरतील. त्यांना सांगावं, की ते आपल्या कोपऱ्यावरही मिळतं. इथे आलोच आहोत तर इथलं खाऊ. जुना पदार्थ टिकतो तो खाणाऱ्यांमुळेच, हेही खरं.

खरेदी नऊच्या आत

सराफ्यातली रात्र खाण्याची आहे. खरेदीसाठी संध्याकाळ हाताशी ठेवावी. राजवाड्याच्या आसपासच कापडाची, भांड्यांची, शृंगाराच्या वस्तूंची बाजारपेठ आहे. सीतलामाता बाजारात साड्या आणि ड्रेसचं कापड रांगेनं मिळतं. सहा वाजता निघावं, आठपर्यंत खरेदी उरकावी, पिशव्या मुक्कामावर टाकाव्यात आणि मोकळ्या हातांनी सराफ्यात जावं. एका हातात साडीची पिशवी आणि दुसऱ्या हातात दहीवडा, ही कसरत जोशींनाच जमते!

घ्यायचीच असेल तर महेश्वरी साडी पाहावी. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात महेश्वरला विणकरांना आश्रय दिला, तेव्हापासूनची ही कला. हे महेश्वर इंदूरहून साधारण ९० किलोमीटरवर. खऱ्या महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच सुबक दिसतो. साडी उलटून नेसली तरी चालते. तेव्हा दुकानात घडी उलगडून काठाची मागची बाजू आधी पाहा. ‘हातमागाची आहे का, आणि सूत-रेशमाचं प्रमाण काय?’ हे दोन प्रश्न न लाजता विचारा.

सोनं मात्र प्रवासात घाईनं घेऊ नये. घेतलंच तर हॉलमार्क पाहा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर अंक आणि अक्षरं मिळून सहा खुणांचा ओळखक्रमांक असावा लागतो. तो भिंगातून पाहून, पक्क्या पावतीसहच दागिना घ्यावा.

आणि स्वस्तातली, सगळ्यांना वाटता येणारी खरेदी सांगू? शेव आणि ‘जिरावन’. हा इंदूरचा खास मसाला. जिरं, धने, बडीशेप, सुंठ, काळं मीठ, हिंग अशा जिनसांचा. पोह्यांवर, काकडीवर, उकडलेल्या बटाट्यावर चिमूटभर टाकला की पुरे. शेजारणीला, जाऊबाईंना, कामवाल्या मावशींना एकेक पुडी दिली की ‘आमच्यासाठी काय आणलंत?’ हा प्रश्न मिटतो.

माणेकचौक आणि लॉ गार्डन

द्वारका-सोमनाथच्या यात्रेला जाताना वाटेत अहमदाबाद लागतं. गंमत अशी, की तिथेही हाच प्रकार. जुन्या शहरातल्या माणेकचौकात सकाळी भाजीबाजार, दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार आणि रात्री साडेनऊ-दहापासून खाण्याच्या गाड्या. एकाच जागेचे तीन संसार! अहमदाबादच्या या जुन्या शहराला २०१७ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. चौकाजवळच ‘राणीनो हजिरो’ आहे. सुलतानांच्या राण्यांच्या या कबरींभोवती बायकांच्या कपड्यांचा नि शृंगाराच्या जिनसांचा बाजार भरतो. तो दिवसाउजेडी पाहावा.

माणेकचौकात भाजीपाव, वेगवेगळी सँडविचेस, डोसे आणि कुल्फी मिळते. लोण्याच्या बाबतीत हात फार सैल असतो. ‘लोणी कमी’ असं आधीच सांगितलं तर ते कमी घालतात. सांगितलं नाही तर मात्र भाजी लोण्यात पोहते.

खरेदीसाठी लॉ गार्डनजवळचा रस्ता. संध्याकाळपासून तिथे चणियाचोळ्या, आरसेकामाच्या ओढण्या, तोरणं, चाकळे, पिशव्या आणि काळपट चांदीसारखे दिसणारे दागिने यांची दुकानं उजळून निघतात. इथे घासाघीस चालते, नव्हे, ती करायचीच असते. पण घासाघिशीआधी पारख हवी. भरतकामाचा तुकडा उलटा करून मागचे टाके पाहा. यंत्राचे टाके मागून एकसारखे, एकाच रांगेत असतात. हाताच्या कामात गाठी आणि थोडा कमीजास्तपणा दिसतो. आरसा बोटानं हलकेच दाबून पाहा : तो टाक्यांनी धरलाय, की नुसता डिंकानं चिकटवलाय? चिकटवलेले आरसे दुसऱ्या धुण्याला बादलीत सापडतात. गडद लाल-निळ्या कापडावर ओला रुमाल चोळला की रंग सुटतो का तेही कळतं. नवरात्राच्या आधीच्या दिवसांत भाव चढे असतात, हे लक्षात ठेवावं.

भाव करताना एक पथ्य. आपल्याला वस्तू खरंच हवी असेल तरच भाव करावा, आणि आपण म्हटलेल्या भावाला तो ‘हो’ म्हणाला की घ्यावी. रात्री अकरापर्यंत उभी असलेली ती विक्रेती बाईही कुणाच्या तरी घरची स्वयंपाक आटोपून आलेली असते. आपल्या पन्नास रुपयांच्या विजयापेक्षा तिचे दोन हात आठवावेत.

त्या तीन शंका

आता सुरुवातीच्या शंकांकडे वळू.

रात्रीची भीती : मुख्य गर्दीच्या गल्लीतच राहावं, आडवाटेनं ‘शॉर्टकट’ घेऊ नये. लॉजचं नाव-पत्ता एका चिठ्ठीवर लिहून प्रत्येकाच्या, अगदी मुलांच्याही, खिशात ठेवावा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवावं. परतीची रिक्षा किंवा टॅक्सी मोठ्या रस्त्यावरूनच घ्यावी. दागिने अंगावर कमीत कमी. पर्स पुढच्या बाजूला. सपाट चपला, सुती साडी किंवा ड्रेस. आणि निघण्याआधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन यावं. ही गोष्ट कुठल्याच प्रवासवर्णनात लिहीत नाहीत, पण आपली निम्मी चिंता तीच असते. इंदूर २०१७ पासून सलग अनेक वर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलं. तिथे सार्वजनिक सोयीही बऱ्या आहेत, तरी मुक्कामावरून जाऊन आलेलं केव्हाही चांगलं.

पोटाची भीती : दुपारचं जेवण हलकं ठेवा, रात्रीचं लॉजवर घेऊच नका. जे डोळ्यांदेखत तळलं, भाजलं, वाफवलं जातंय तेच घ्या. पातळ चटण्या, बर्फ आणि चिरून ठेवलेली फळं टाळा. पाणी आपलं. ज्या गाडीवर गर्दी आहे, तिथला माल शिळा राहत नाही. तळलेला एक, वाफवलेला एक, गोड एक, असा हिशेब धरा. मधुमेही मंडळींनी जलेब्याचा एक तुकडा आणि कीस यांवर समाधान मानावं. गोळीची वेळ मात्र चुकवू नये.

पैशाची भीती : चौघांत प्रत्येक पदार्थाची एकच बशी मागवा. पाच-सहा पदार्थ चाखून होतात आणि काही वाया जात नाही. भाव आधी विचारा. फोनवरून पैसे देता येतात, तरी सुटे जवळ असावेत. ठरवलेली रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवा; पाकीट रिकामं झालं की बाजार संपला.

आणि चौथी शंका, जी आपण बोलून दाखवत नाही : मुलांना कोण बघणार, सासूबाईंना कोण? सासूबाईंना बरोबर न्यावं. नऊच्या सुमाराला गर्दी कमी असते, एखाद्या ओट्यावर त्यांना बसवावं आणि बशी त्यांच्या हातात द्यावी. त्यांनीही जन्मभर दुसऱ्यांनाच गरम वाढलंय. मूल अगदीच लहान असेल, तर एक रात्र यजमानांनी खोलीवर थांबावं आणि नणंदा-भावजयांनी जाऊन यावं. ‘अहो, आज टॉवेल तुम्ही वाळत घाला, आम्ही येतो जाऊन,’ एवढंच तर म्हणायचं! पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते. बहुतेक घरांत उत्तर ‘बरं’ असंच येतं, कारण आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

घरी आल्यावर : मक्याचा कीस

साहित्य : ४ कोवळी कणसं, २ टेबलस्पून तूप, १ कप दूध, ३-४ हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा जिरं, चिमूटभर हिंग, पाव चमचा हळद, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं.

कृती : कणसं किसणीवर किसून घ्या. जाड बुडाच्या कढईत तूप तापवून जिरं, हिंग, मिरचीचे तुकडे आणि हळद यांची फोडणी करा. कीस घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता. कच्चा वास जाऊन रंग थोडा गडद झाला पाहिजे. मग दूध, मीठ, साखर घालून झाकण ठेवा आणि दूध आटेपर्यंत शिजवा. मधून मधून ढवळा, खाली लागतो. वरून लिंबू, खोबरं, कोथिंबीर. जिरावन आणलं असेल तर चिमूटभर.

कणसं जून असतील तर कीस कोरडा होतो. अशा वेळी दूध थोडं वाढवावं. चौघांना पुरतो. आणि हो, वाढताना आपली बशीही त्याच वेळी भरून घ्या. हा पदार्थ गरमच चांगला लागतो.